मृगवन, माळरान आणि शिंगांचे मोल

‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणातील ‘भूमिच्छिद्रविधान’ हा अध्याय प्राचीन निसर्गसंरक्षणाचा दाखला म्हणून वारंवार पुढे केला जातो. अध्याय लहान आहे; परंतु तो सावकाश वाचला असता ही स्तुती अर्धीच खरी ठरते.

नांगराखाली न येणाऱ्या भूमीचे काय करावे, या प्रश्नाने अध्यायाचा आरंभ होतो. तेथे गुरांसाठी कुरणे, तपस्व्यांसाठी अरण्ये आणि राजाच्या विहारासाठी मृगवन राखावे, असे कौटिल्य सांगतो. मृगवनास एकच दार, भोवती खंदक, आत गोड फळांची झाडेझुडपे, उथळ पाणी, माणसाळलेले मृग आणि नखे-दात मोडलेली श्वापदे. काटेरी वृक्ष मात्र नकोत. चारा, पाणी, आडोसा, निर्भयता हे सारे येथे आहे. नाही तो नराला पूर्ण वयात येऊ देण्याचा विचार. भव्य शिंगांसाठी जमीन राखणारे युरोप-अमेरिकेतील लोक आरंभ तेथूनच करतात : कोवळे नर मारू नयेत, माद्यांची संख्या चाऱ्याच्या आवाक्यात ठेवावी, शिंगांची गोष्ट त्यानंतर. कौटिल्याची दृष्टी मृगावर नसून राजाच्या सुरक्षिततेवर आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

शिवाय हे वन चितळास मानवेल, काळविटास नव्हे. चितळाची शिंगे झडतात व पुन्हा येतात. काळवीट शास्त्रीय अर्थाने हरीणही नव्हे. त्याची पिळाची शिंगे झडत नाहीत, आणि त्यास दाट झाडी नको, उघडे माळरान हवे. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात सेनगाव-कळमनुरीकडचा शेतकरी त्यास हरीणच म्हणतो, आणि सोयाबीनचे कोंब व हरभऱ्याचे घाटे त्याच्यापासून राखता राखता रात्री काढतो. (आमच्या वर्गीकरणाशी त्यास कर्तव्य नाही, हे योग्यच.) १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, शिंगे आता कोणाच्या दिवाणखान्यासाठी नाहीत. तरी ती पोसली जातात, आणि तीही राजाच्या खर्चाने नव्हे. १९८० साली कर्जत तालुक्यात खास काळविटासाठी राखलेले रेहेकुरी अभयारण्य अवघे २१७ हेक्टरांचे. बाकीचे मृगवन शेतकऱ्याचे शेतच होय.

या दृष्टीने अध्यायातील दुर्लक्षित भाग महत्त्वाचा ठरतो. विहारवनानंतर कौटिल्य दुसरे एक मृगवन सांगतो : सीमेवर किंवा भूमीच्या सोयीने वसवावयाचे, जेथे सर्व पशू अतिथी आहेत. स्तुती करणारे अभ्यासक ही दोन्ही वने एकच मानतात, आणि तेथेच त्यांची चूक होते. पहिल्यात पशू राजाचे खेळणे आहे, दुसऱ्यात पाहुणा. ‘अतिथी’ हा शब्द साधा नव्हे. पाहुणा म्हटला की यजमान आला, आणि यजमानाकडे खर्च आला. याच अधिकरणात पुढे सूनाध्यक्षाच्या अध्यायात अभय दिलेल्या पशूंना मारणाऱ्यास दंड सांगितला आहे. पण उपद्रवी झालेल्या अशाच पशूंना राखीव स्थानाबाहेर बांधावे वा मारावे, हेही तेथेच आहे. उपाय आज मान्य होणार नाही. मात्र उपद्रवाचा भार कुणब्यावर न टाकता राज्यावर टाकणारा विचार त्यात आहे. आज पीकनुकसानीची भरपाई शासन देते, तीही याच विचाराची, म्हणून ‘भूमिच्छिद्रविधान’ सूनाध्यक्षाच्या अध्यायासह वाचावयास हवे.