क्राल्जिक यांचे खरेदी-वर्गीकरण : एक परीक्षण

पीटर क्राल्जिक यांचा खरेदीव्यवस्थेवरील निबंध १९८३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. खरेदी-विभाग म्हणजे निविदा मागवून दर पाडून घेणारे कार्यालय, या समजुतीस त्याने धक्का दिला, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. नफ्यावरील परिणाम आणि पुरवठ्यातील जोखीम या दोन कसोट्यांवर माल पारखावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यातून चार वर्ग निष्पन्न होतात : दोन्ही दृष्टींनी गौण असा किरकोळ माल, नफ्याच्या दृष्टीने मोठा पण सहज मिळणारा, म्हणून घासाघीस करण्याजोगा माल, किमतीने अल्प पण मिळण्यास दुर्घट असा अडवणुकीचा माल, आणि दोन्ही बाजूंनी भारी असा कळीचा माल. प्रत्येक वर्गास निराळे धोरण विहित आहे.

या मांडणीचा सुटसुटीतपणा मान्य करूनही तिची मर्यादा दाखविणे अगत्याचे आहे. येथे वर्ग पडतो तो वस्तूचा. पुरवठादार विचारात येतो तो केवळ बळाच्या रूपाने. त्याचे बळ अधिक की ग्राहकाचे, हे पाहून दाब, समतोल वा पर्यायशोध यांपैकी एक मार्ग क्राल्जिक सुचवितात. संकटात पुरवठादार कसा वागेल, या प्रश्नास त्यांच्या चौकटीत जागा नाही.

या प्रश्नाचे महत्त्व जपानमधील एका घटनेने स्पष्ट होते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया येथील आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्यास आग लागली. टोयोटाच्या मोटारींना लागणारा, ब्रेकमधील दाब नियंत्रित करणारा एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सर्वस्वी तेथेच तयार होत असे. त्याची किंमत किरकोळ. साठा फार तर दोन-तीन दिवसांचा. परिणामी टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन थांबले. चौकटीच्या भाषेत हा अडवणुकीचा माल. जादा साठा आणि दुसरा पुरवठादार हा तिचा उपाय. तो योजलेला नव्हता म्हणूनच काम अडले. येथवर क्राल्जिक खरे ठरतात.

पुढे जे घडले त्याचा उलगडा मात्र या चौकटीतून होत नाही. आयसिनने आपले आराखडे इतरांच्या हाती दिले. सुमारे दोनशे कंपन्या, दर आधी न ठरविता, कामास लागल्या. शिवणयंत्रे करणारी ब्रदर कंपनीही त्यांत होती. सुमारे आठवड्याभरात उत्पादन पूर्वपदावर आले. यात निव्वळ सद्भाव पाहणे भाबडेपणाचे होईल. टोयोटा बंद तर आपणही बंद, हे अनेकांस ठाऊक होते. तथापि खर्च बुडणार नाही हा विश्वास नसता, तर तेच हितसंबंध घासाघिशीस कारण झाले असते. असा विश्वास वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून साठतो. दरवर्षी दरासाठी पुरवठादार बदलणाऱ्या कारखान्यास तो ऐनवेळी मिळत नाही.

शिवाय एकच पुरवठादार बहुधा दोन-तीन वर्गांतील माल पुरवितो. एका वस्तूसाठी त्यास पिळावे आणि दुसरीसाठी त्याच्याशी स्नेह राखावा, हे कागदावरच शक्य आहे. म्हणून क्राल्जिक यांचे वर्गीकरण टाकून न देता विचाराची पहिली पायरी म्हणून वापरावे. वस्तूंच्या यादीशेजारी पुरवठादारांची यादीही असावी आणि प्रत्येकापुढे, आज तो काय देतो याबरोबरच, गरज पडल्यास काय करू शकेल, याचीही नोंद असावी.