मोडीवाचक पाहिजेत

सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढच्या काही महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. कुणबी नोंदी तपासायच्या होत्या. त्या जुन्या महसुली कागदांत, कोतवाल बुकांत, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्यांत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच मोडीत होत्या. ज्या लिपीला शाळेने विसाव्या शतकाच्या मध्यावर निरोप दिला, तिच्या वाचकांना एकाएकी भाव आला.

ते वाचताना मला माझीच एक सही आठवली. वीसेक वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळावर होतो. मोडीची ऐच्छिक पत्रिका काढून तिच्या जागी ‘व्यावहारिक मराठी’ आणण्याचा ठराव आला. ‘मोडीला बाजारात मागणी नाही’ हे कारण इतिवृत्तात आहे, आणि ते वाक्य माझे आहे. जाहिरात-लेखन, बातमी-लेखन, मुलाखत-लेखन असे घटक आम्ही उत्साहाने बसवले. शिकवणाऱ्यांपैकी कोणी जाहिरात संस्थेचा उंबरा ओलांडलेला नव्हता, हे तेव्हा कोणाला खटकले नाही.

मोडी छपाईने मारली, असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे; हात न उचलता लिहायच्या लिपीचे खिळे पाडणे जिकिरीचेच. पण विल्यम केरीच्या १८१०च्या मराठी कोशात श्रीरामपूरला मोडी खिळे वापरले गेले होते. म्हणजे यंत्राला ती अशक्य नव्हती. बालबोध सोयीची ठरली, मग तीच पाठ्यपुस्तकाची झाली. तंत्रज्ञान एक वाट रुंद करते. दुसरी बुजवायचा ठराव मात्र माणसेच करतात. माझ्या सहीसकट.

या संदर्भात जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन मी पुन्हा वाचले. प्राथमिक शाळेसाठी त्यांनी सुचवलेल्या विषयांत मोडी आणि बालबोध या दोन्हींचे वाचन-लेखन आहे, हिशेब आहे, शेतीचे प्राथमिक ज्ञान आहे, आरोग्याचे आणि नीतीचे धडे आहेत. आजच्या डोळ्यांना ही यादी ‘कौशल्याधारित’ वाटते, आणि तशी ती दाखवलीही जाते. माझ्या मते हे वाचन चुकीचे आहे. त्याच निवेदनात फुले उच्च शिक्षणावर टीका करतात ती कारकून आणि शाळामास्तर घडवण्यावरून. शिकलेल्यांनी सरकारी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त धंद्यांत जावे, अशी आशा ते व्यक्त करतात. मग मोडी कशाला? ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ शेजारी ठेवले की उत्तर मिळते. कुळकर्ण्याचे दफ्तर आणि सावकाराचे खत मोडीत होते. ते ज्याला वाचता येत नाही त्याची जमीन दुसरा कोणी लिहून घेतो. फुल्यांच्या लेखी ‘उपयोग’ म्हणजे आधी फसवणुकीपासून बचाव, नंतर मिळकत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मधला उपयोग वेगळा आहे. ‘बिग डेटा’, यंत्रशिक्षण, कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे कामाचे स्वरूप बदलणार, म्हणून मुलांनी शिकायचे कसे ते शिकावे, असे त्याची प्रस्तावना सांगते. विचार चांगला आहे. पण व्यावसायिक शिक्षणाच्या प्रकरणाशी पोचलो की भाषा मोजणीची होते: १९ ते २४ वयोगटातल्या कामगारांत औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६; आणि २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना अशा शिक्षणाचा परिचय. परिचय म्हणजे किती? सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे. सुतारकाम दहा दिवसांत येत नाही, हे कोणताही सुतार सांगेल. माझी तक्रार मात्र दिवसांबद्दल नाही. या मजकुरात सुतार पाहुणा आहे. फुल्यांना असा शिक्षक हवा होता ज्याला वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायची लाज वाटणार नाही. त्याला महिन्याला निदान बारा रुपये पगार असावा, हेही त्यांनी लिहून दिले. अभ्यासक्रमाइतकीच काळजी त्यांना शिकवणाऱ्या हातांची आणि त्या हातांच्या मजुरीची होती. एकशे अडतीस वर्षांनंतरच्या मजकुरात शिक्षकांवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण कारागीर त्यात जवळजवळ येत नाही.

माझी एक माजी विद्यार्थिनी मराठीची एम.ए. आमच्या ‘व्यावहारिक’ पत्रिकेत तिला उत्तम गुण होते. त्यांचा तिला कुठेच उपयोग झाला नाही. पुण्याला उन्हाळी सुट्टीतल्या एका वर्गात ती हौसेने मोडी शिकली. २०२३च्या दिवाळीनंतर तिला तालुक्याच्या अभिलेख कक्षात बोलावणे आले. पहिल्या दिवशी तिने मला फोन केला. “सर, ‘कु’ पुढे डाग पडलाय. कुणबी असेल, कुंभारही असेल. बाहेर माणूस सकाळपासून उभाय.” मी विचारले, मग काय लिहिलेस? “अस्पष्ट,” ती म्हणाली. तो माणूस काही बोलला नाही, नुसता कागदाकडे बघत राहिला, एवढे तिने सांगितले. चार महिन्यांनी काम संपले.

मागणी गेली की शिक्षणही गुंडाळायचे, या न्यायाने ते चार महिने कोणत्या खात्यात टाकायचे? २०१४मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोडी हस्तलिखितांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी यंत्रणा तयार केली आहे; त्यासाठी दोन हजारांहून अधिक पानांच्या प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी पाठ एकत्र केले गेले. यंत्र शिकले ते वाचून दाखवलेल्या पानांवर. डागाळलेल्या ‘कु’पुढे ते काय लिहील, आणि ते चूक आहे हे कोण सांगेल, असा माझा साधा प्रश्न आहे.

यंदा जूनमध्ये एका महाविद्यालयाने माझ्याकडे मोडी प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा मसुदा अभिप्रायासाठी पाठवला. वर ‘रोजगाराभिमुख’ असा शिक्का. घटक नीट आहेत, श्रेयांक नीट आहेत. अध्यापकाच्या रकान्यात ‘तासिका तत्त्वावर’ असे होते. मी तिचे नाव सुचवले आणि तिला कळवले. तिने तासिकेचा दर विचारला. मी सांगितला. एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे वजा करून तिने हिशेब केला आणि म्हणाली, “सर, मी घरीच वर्ग घेते. सात जण येतात. त्यातला एक तो कागदाकडे बघत उभा होता ना, त्याचा मुलगा आहे.”