नांगीला नांगी म्हणा

परवा एका लेखात 'दात्रपेशी पांडुरोग' पुन्हा भेटला आणि माझं डोकं फिरलं. म्हणजे आपला सिकलसेल. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा-देवरीकडे ज्या घरांत हा आजार आहे, तिथे कुडाला खोचलेला इळा रोज डोळ्यांसमोर असतो. 'दात्र' म्हणजे तोच इळा, पण हा शब्द तिथे कुणी बापजन्मी ऐकलेला नाही.

रेणवीय जीवशास्त्रावरची छापील मराठी एकतर कोशातली असते, नाहीतर वृत्तपत्रातली. वृत्तपत्रांबद्दल काय बोलावं? इंग्रजी नामांना 'केलं जातं' जोडलं की त्यांचं भागतं. भाताच्या पिकाचा जीनोम २००५ साली वाचून झाला. त्यातल्या अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारतीय प्रयोगशाळांनी वाचला. आमची वृत्तपत्रं अजून 'तांदळाचा जीनोम' छापतात. अहो, बांधीत धान असतं, तांदूळ गिरणीतून निघतो!

मला खरं लिहायचंय ते न छापलेल्या मराठीबद्दल. 'पोरीचा पॅटर्न एएस आहे, पोराचा काढला का?' हा प्रश्न आता सिकलसेलच्या गावांत सोयरिकीच्या बोलण्यात येतो. या 'पॅटर्न'वर मी लट्टू आहे. तपासणीत हिमोग्लोबिन पट्टीवर ठेवून वीज सोडली की त्याचे पट्टे वेगळे होतात. एएसमध्ये ए आणि एस असे दोन पट्टे उमटतात, एसएसमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यात, एचा पट्टाच नसतो. म्हणजे गावाने उचललेला शब्द थेट प्रयोगशाळेतल्या पट्टीवरचा आहे. आपण 'एएस पॅटर्न'ऐवजी काय देतो? 'वाहक'. तो तर एसटीत तिकीट फाडतो.

आणि 'अप्रभावी जनुक'! हे वाचून कुणीही निर्धास्त होईल. प्रभावच नाही तर भ्यायचं कशाला? प्रत्यक्षात डीएनएत एका अक्षराचा फरक, एच्या जागी टी. त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आईबाप दोघेही एएस असले, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता एसएसची, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने. एक मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. आईला समजायला हवं ते हे. 'अप्रभावी'ने ते झाकलं जातं.

कोशवाल्यांचं 'भाषांतरण' मला आवडतं, हे कबूल. तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचत पेशी प्रथिन बांधते, त्याला याहून नेमकं नाव नाही. पण असे शब्द किती? पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचं केंद्र १९८७ पासून आहे, तरी 'अलाइनमेंट'मधल्या 'गॅप'ला रुळलेला मराठी शब्द नाही. डीएनएचे दोन क्रम एकाखाली एक मांडायचे, अक्षराखाली अक्षर, आणि एकात अक्षर नाही तिथे जागा मोकळी सोडायची. रोवणीनंतर बाया बांधीत फिरतात त्या असल्याच मोकळ्या जागा शोधत. त्यांना नांग्या म्हणतात, आणि पऱ्हे, म्हणजे रोपं, लावून त्या भरतात. शब्द तयार आहे, परिभाषा समितीने चिखलात पाय तेवढे घालावेत.

म्हणतील, नांगी विंचवालाही असते. असू द्या. वाहक तरी एसटीतून कुठे उतरलाय?