प्रचाराचे व्याकरण आणि जासईचे फलक

प्रचार म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले असत्य, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. शाळेत या विषयाची ओळख होते ती बहुधा गोबेल्सच्या नावाने. १९३३ च्या मार्चमध्ये जर्मनीत प्रचाराचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि हा विषय जणू त्या मंत्रालयाबरोबरच जन्मला व त्याच्याबरोबरच गाडला गेला, असे आपण धरून चालतो. वस्तुतः 'प्रोपगंडा' हा शब्द आपल्या घरातला आहे. २२ जून १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये धर्मप्रसारासाठी मंडळ स्थापन केले. त्याच्या लॅटिन नावातले 'प्रोपगांदा फिदे', म्हणजे श्रद्धेचा प्रसार, हे दोन शब्द पुढे जगभर गेले. आपल्या मुंबईच्या जुन्या धर्मग्रामांना तर पाद्रोआदो आणि प्रोपगांदा यांच्या अधिकारांचा वाद पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. या शब्दाचे मूळ मळ्यातले आहे. वेलीची फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळे फुटली की रोप वेगळे करायचे. वसईचा वाडीवाला ज्याला दाबकलम म्हणतो, ते हे. १९६७ मध्ये मंडळाचे नाव बदलले. तोवर शब्दाचा वास पुरता बदलून गेला होता.

घरातला शब्द म्हटला की हिशेबही घरचाच आधी मांडला पाहिजे. १५२१ मध्ये लूकास क्रानाखने लाकडी ठशांची जोडचित्रे छापली. एका बाजूस शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त, समोरच्या पानावर आपल्या पायांचे चुंबन घेऊ देणारा पोप. कॅथलिक वाचकाला ती आजही बोचतात; पण समीक्षकाने ती पाहावीत, कारण त्यांतली युक्ती विलक्षण सोपी आहे. दोन चित्रे शेजारी ठेवून चित्रकार बाजूला होतो. निष्कर्ष पाहणारा काढतो आणि म्हणून तो त्याला आपलाच वाटतो.

त्याच्या उलट टोकाला १९१४ चे लॉर्ड किचनरचे चित्र. आल्फ्रेड लीटने काढलेल्या या चित्रातली रोखलेली तर्जनी सर्वांनी पाहिलेली आहे. तिची नक्कल अमेरिकेने १९१७ मध्ये केली. तर्जनीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते खालच्या वाक्याचे व्याकरण. त्यात देश हा कर्ता आहे, गरज देशाची आहे आणि 'तू' हे त्या गरजेचे कर्म आहे. युद्ध कशासाठी, हे त्या वाक्यात नाही. ते विचारायला जागाही नाही. या फलकात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच प्रचार ओळखण्यासाठी खरे-खोटे हा निकष अपुरा पडतो. वाक्य कोणाला उद्देशून आहे, कोण वाक्यातून गळला आहे आणि ज्याच्याशी बोलले जात आहे त्याला उलट बोलता येईल काय, हे पाहावे लागते. १९३७ मध्ये पोप अकरावे पायस यांचे नाझी राजवटीविरुद्धचे परिपत्रक लॅटिनऐवजी जर्मन भाषेत लिहिले गेले, गुप्तपणे छापले गेले आणि झावळ्यांच्या रविवारी जर्मनीच्या चर्चमधून वाचले गेले. चित्र नाही, फलक नाही; पण ऐकणारा कोण आहे, हे लिहिणाऱ्याने विसरलेले नव्हते.

हा निकष घेऊन युरोपातच फिरत राहण्याचे कारण नाही. उरण-पनवेल परिसरातील जासई हे आगरी वस्तीचे गाव या अभ्यासासाठी मला अधिक उपयोगाचे वाटते.

१९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाने मुंबईच्या नियोजनावर अंक काढला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईची वाढ बंदराच्या पलीकडे न्यावी, अशी कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि तेव्हाच्या ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची भूमी, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, नव्या शहरासाठी ठरली. नियोजनकारांचा हेतू हीन नव्हता. जमीन सार्वजनिक मालकीची असावी, शहर वाढले की तिची किंमत वाढेल आणि त्या वाढीतूनच शहराचा खर्च निघावा, हा विचार दलालांच्या मुंबईपेक्षा कितीतरी न्याय्य होता. पण वाढ होण्यापूर्वी जो त्या भातखाचरात उभा होता, त्याला त्या वाढीचा वाटा का नाही, हा प्रश्न त्या वाक्यरचनेत बसत नव्हता.

आणि नाव काय दिले? 'नवी मुंबई'. हे विशेषण मला संपूर्ण योजनेतील सर्वांत प्रभावी फलक वाटते. 'नवी' म्हटले की आधीचे काही उरत नाही. 'मुंबई' म्हटले की पनवेलही उरत नाही आणि उरणही. त्यासाठी कुणी खोटे बोलावे लागत नाही. दुसरा शब्द 'प्रकल्पग्रस्त'. मराठीत पूरग्रस्त असतात, भूकंपग्रस्त असतात, दुष्काळग्रस्त असतात. त्याच साच्यात प्रकल्प ओतला की तोही आकाशातून कोसळल्यासारखा होतो. तो कुणी आखला, कुणी सही केली, हे विचारण्याचे कारण राहत नाही. खेदाची गोष्ट अशी की हा शब्द गावकऱ्यांनी स्वतःच्या मागण्यांच्या फलकांवरही स्वीकारला. दाखल्यासाठी तो लागतो, हे खरे. पण भाषेत हरणे म्हणतात ते असे. याच पट्ट्यात भूखंडांच्या कडेला उभे असलेले छोटे फलक पाहावेत: जागा सिडकोच्या मालकीची आहे, अतिक्रमण करू नये. ज्याच्या आजोबाने तेथे आवणी केली, त्यालाच ते वाक्य वाचायला लावते. त्याच वस्तीत वाढत्या कुटुंबासाठी उभारलेल्या घरांना कार्यालयाच्या भाषेत 'अनधिकृत' म्हणतात, गावाच्या भाषेत 'गरजेपोटी बांधलेली'. दोन्ही शब्द एकाच भिंतीविषयी आहेत.

या भाषेला उत्तर मिळाले ते १९८४ मध्ये. जासईतच १९२६ साली जन्मलेले, शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवशी गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व याच लढ्यातून पुढे आले. आता या आकड्याकडे फलक म्हणून पाहावे. 'न्याय द्या' ही मागणी कुणालाही मान्य करता येते व विसरता येते. 'साडेबारा टक्के' मात्र नियोजनकाराच्याच हिशेबाच्या भाषेत बोलते आणि त्याने वाक्यातून गाळलेला माणूस टक्केवारीसह परत घालते. रायगडाला ही परंपरा नवी नाही. १९३३ ला सुरू झालेला चरीचा शेतकरी संप नारायण नागू पाटील यांनी सहा वर्षे चालवला, आणि त्याच काळात निघालेल्या त्यांच्या पत्राचे नाव होते 'कृषीवल'. संपकरी नव्हे, पीडित नव्हे. जो करतो त्याचे नाव.

आपल्या वाचकांना याचा दुसरा दाखला शोधायला खाडी ओलांडावी लागणार नाही. १९९० मध्ये वसई-विरारसाठी सिडकोचीच नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीने तेव्हा जे नाव पुढे केले त्यातही एक विशेषणच होते: 'हरित वसई'. 'नवी' या शब्दाने जे होते ते पुसले. 'हरित' या शब्दाने जे होते तेच हक्क म्हणून मांडले. अर्थात हाही प्रचार होता. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या वारल्याला त्या 'हरित' शब्दात किती जागा होती, हा प्रश्न आपल्यालाही विचारता येतो, आणि तो पुरेसा विचारला गेलेला नाही.

या संदर्भात फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण पुन्हा उघडावे, असे मला वाटते. प्रोपगांदा मंडळाच्या सहा वर्षे आधी, १६१६ मध्ये राशोल येथे ते छापले गेले. त्यात पाद्री एकटाच बोलत नाही. ऐकणारा प्रश्न विचारतो आणि कथा त्याच्या प्रश्नावर पुढे सरकते. आमची जुनी पुराणे वर्ज्य झाली, त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असा त्याचा आरंभीचा प्रश्न. ग्रंथ थोर आहेच, मराठी ओवीला लाभलेले ते लेणे आहे. पण प्रश्नकर्त्याचे हात आधी कुणी रिकामे केले, हेही त्या प्रश्नातच लिहिलेले आहे, आणि ते स्टीफन्स यांनी लपवलेले नाही. किचनरच्या फलकात हे शक्य नव्हते.

आजच्या जासईच्या रस्त्यावर फ्लेक्सचे राज्य आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू जवळच चिर्ले येथे उतरतो. त्यामुळे पाहणारेही वाढले. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वर एक मोठा चेहरा, खाली 'शुभेच्छुक' या शब्दानंतर छोट्या चेहऱ्यांची रांग. बोलणारा, ज्याच्याविषयी बोलायचे तो आणि ज्याच्याशी बोलायचे तो, सर्व एकाच फलकात दाटीने बसलेले. रस्त्यावरून जाणाऱ्याशी कुणालाच काही बोलायचे नाही. प्रचाराच्या इतिहासात इतका निरुद्देश फलक क्वचितच सापडेल. जून २०२१ मध्ये मात्र हेच माध्यम काही दिवस वेगळे बोलले. नव्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीचे फलक गावोगाव लागले, मानवी साखळी झाली, २४ जूनला सिडकोवर मोर्चा गेला. नावाची मागणी रास्त होती. तरी ती वाचताना १९८४ च्या टक्केवारीची आठवण होते: तेव्हा मागणी जमिनीची होती, आता पाटीची, आणि गरजेपोटी बांधलेल्या घरांचा मजकूर त्या फलकांवर बारीक अक्षरांत गेला.

दरवर्षी १६ जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन होते, त्याचेही फ्लेक्स लागतात. पावसाळ्यापूर्वी ते उतरतात आणि कुणाच्या पडवीवर, कुणाच्या पेंढ्यावर ताडपत्री म्हणून पसरले जातात, मजकुराची बाजू बहुधा खाली. पुढील वर्षी ते उतरण्यापूर्वी कुणी त्यांची छायाचित्रे तारीख घालून ठेवली, तर पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला जर्मनीच्या फलकांपाशी थांबून राहावे लागणार नाही.