१४ रात्री फुकट

अमेरिकेत राहायला जागा फुकट मिळते, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. खरं तर सॅन होजेला एका बेडरूमचं भाडं किती, हे तिला तोंडपाठ आहे. "फुकट म्हणजे कशी? आणि कोणी काही बोलत नाही?" मी तिला समजावलं. नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर, जिथे मनाई केलेली नाही तिथे, कच्च्या रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा. बुकिंग नाही, पैसे नाहीत. नळ, संडास, कचरापेटी, दिवा, नेटवर्क यांतलं काहीही नाही. बहुतेक ठिकाणी १४ दिवस राहता येतं, मग मुक्काम हलवायचा. याला 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात.

ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एवढी चांगली जागा, पाणी जवळ, आणि माणूस नाही? कुठे गेली रे तिथली माणसं?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. आणि तंबूत बसून मी वाचलेल्या तीन लेखकांबद्दल, ज्यांनी या मोकळ्या जागेवर लिहिलंय: एडवर्ड अॅबी, विल्यम क्रोनन आणि जेसिका ब्रूडर.

आधी मी तिथे का गेलो होतो ते सांगतो, कारण वाचनावर त्याचा परिणाम झालाच. मागच्या ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. सकाळी नऊला मीटिंग, सव्वानऊला लॅपटॉप बंद. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधा, स्टेटस बदला, नाहीतर देश सोडा. पहिले दहा दिवस मी रोज पंधरा-वीस ठिकाणी अर्ज केले. अकराव्या दिवशी गाडीत तंबू, गॅसची शेगडी, पाण्याचे दोन कॅन आणि अस्वलाला उघडता येणार नाही असा तो जाड डबा टाकला आणि योसेमिटीतून टायोगा पास ओलांडून पलीकडे, इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये उतरलो. इंटरव्ह्यू थेट पुढच्या आठवड्यात होता.

बाकी तयारी म्हणाल तर थोडीच. कॅलिफोर्नियात अशा जागी साधी शेगडी पेटवायलाही फुकटातला कॅम्पफायर परवाना लागतो. कोणत्या रस्त्यावर गाडी नेता येते ते दाखवणारा फॉरेस्ट सर्व्हिसचा काळा-पांढरा नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्यायचा. तंबू पाण्यापासून २०० फूट लांब. संडासला सहा ते आठ इंच खोल खड्डा, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. पहिल्यांदा ते करताना मला माझ्या आजोळचं परसाकडे जाणं आठवलं. आजोबा हे सगळं कुठलीही मार्गदर्शिका न वाचता करायचे, आणि त्याला कोणी 'प्रिमिटिव्ह' हा शब्द कौतुकाने वापरत नसे.

पहिल्या रात्री अॅबी वाचला. 'डेझर्ट सॉलिटेअर' हे त्याचं पुस्तक १९६८ साली आलं. युटातल्या आर्चेसमध्ये त्याने रेंजर म्हणून काढलेल्या हंगामांवर ते आधारलंय. अमेरिकेत रानात जाणाऱ्या तरुणांच्या बॅगेत हे पुस्तक असतंच असतं, आणि का ते पहिल्या वीस पानांत कळतं. हा माणूस चिडका आहे, विनोदी आहे, आणि खडकाकडे खडक म्हणून बघतो. खडकात देव किंवा स्वतःचं प्रतिबिंब शोधणं त्याला नको असतं. त्यातलं गाजलेलं प्रकरण 'इंडस्ट्रियल टुरिझम'वरचं आहे. राष्ट्रीय उद्यानांत गाड्या येऊच देऊ नका, माणसांना चालू द्या, घोड्यावर किंवा सायकलवर येऊ द्या, असं तो म्हणतो. योसेमिटीत पार्किंगसाठी पाऊण तास फिरून मी आलो होतो. मला ते शंभर टक्के पटलं.

पण मी ते वाचत होतो गाडीला टेकून, आणि गाडी उभी होती फॉरेस्ट रोडवर. इथे अॅबीची पकड सुटते. अमेरिकेच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये साडेतीन लाख मैलांहून जास्त लांबीचे रस्ते आहेत, म्हणजे इंटरस्टेट महामार्गांच्या सातपटीहून अधिक. हे रस्ते तंबूवाल्यांसाठी बांधलेले नाहीत. त्यांतले बहुतांश लाकूडतोडीसाठी बांधले गेले, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरबांधणीच्या लाटेत. ट्रक लाकूड घेऊन गेले, रस्ते राहिले. त्या रस्त्यांच्या कडेला जिथे ट्रक वळायचे, लाकडं रचायचे, अशा सपाट मोकळ्या जागांवर आज बऱ्याच ठिकाणी आमचे तंबू पडतात. म्हणजे फुकट मुक्कामाची ही 'आदिम' जागा एका उद्योगाची उरलेली जागा आहे. ज्या भागाला कायद्याने 'विल्डरनेस' म्हणतात, तिथे रस्तेच नसतात. गाडी लावून झोपण्याचं आमचं स्वातंत्र्य बुलडोझरच्या मागून आलेलं आहे.

अॅबी हे मान्य करत नाही. तो स्वतः सरकारी ट्रक चालवत होता, सरकारने दिलेल्या ट्रेलरमध्ये झोपत होता. ग्रँड कॅन्यनमध्ये जुना टायर ढकलून दिल्याचंही तो मजेत सांगतो. पुस्तकात तो जवळजवळ सतत एकटा आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या हंगामात काही काळ त्याची बायको आणि लहान मुलगा तिथे त्याच्यासोबत राहत होते. पुस्तकातून ते काढून टाकले आहेत. लेखकाने काय गाळावं हा त्याचा हक्क आहे, मान्य. पण ज्या पुस्तकाचा सगळा जोर 'एकटं राहून जग स्वच्छ दिसतं' यावर आहे, त्यातून नेमकी बायको-पोर गाळणं हे संपादन नाही. त्याने सिद्धांताला अडचणीचा ठरणारा डेटा काढून टाकलाय. आमच्या कामात असं केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये पहिली कॉमेंट त्यावरच येते.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री टोचली. पुढे १९८० च्या दशकात याच अॅबीने मेक्सिकोतून येणाऱ्या स्थलांतरितांविरुद्ध कडवट निबंध लिहिला. मोकळ्या जागेवर प्रेम करणारा माणूस आत कोण येईल याची यादी करू लागतो, तेव्हा त्याचं प्रेम कशावर होतं हे परत तपासावं लागतं. माझ्या ६० पैकी एकोणपन्नास दिवस उरले होते. मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी क्रोनन. 'द ट्रबल विथ विल्डरनेस' हा त्याचा १९९५ चा निबंध इतिहासाच्या वर्गात वाचतात तसा तंबूतही वाचायला हवा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला आपण अस्पर्श निसर्ग म्हणतो तो माणसाने बनवलेला आहे. आधी अठराव्या-एकोणिसाव्या शतकाने डोंगरदऱ्यांत देव पाहायला शिकवलं, मग अमेरिकेने त्यात सरहद्दीवरच्या मर्दानगीची आठवण घातली, आणि मग ही जागा 'रिकामी' दिसावी म्हणून तिथल्या लोकांना हलवलं. रिकामेपण नंतर आलं. १९६४ चा विल्डरनेस अॅक्ट म्हणतो की तिथे माणूस पाहुणा असतो, तो राहत नाही. कायद्यात हे वाक्य सुंदर वाटतं. पण जे राहत होते त्यांचं काय, हे तो सांगत नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी येताना वाटेत मागे टाकून आलो होतो. टायोगा रोडवर योसेमिटीतलं तेनाया लेक लागतं. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत घुमटांमध्ये ठेवलेलं निळं पाणी. तिथे थांबून फोटो न काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. १८५१ मध्ये मरिपोसा बटालियनने अहवाहनीची लोकांना त्याच तळ्याकाठी पकडलं. बटालियनबरोबरच्या लाफायेट बनेलने पुढे पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की तळ्याला तुझं नाव देतोय असं त्याने त्यांच्या म्होरक्याला, तेनायाला, सांगितलं. त्यावर म्हातारा खूश झाला नाही. या तळ्याला आधीच नाव आहे, असं त्याचं उत्तर होतं. ते नाव पायवियाक, चकाकणाऱ्या खडकांचं तळं. ज्याला तिथून हाकललं, त्याचंच नाव पाटीवर.

क्रोनन हे सगळं शांतपणे मांडतो आणि म्हणूनच तो अॅबीपेक्षा जास्त लागतो. दूरच्या रानाची पूजा करून आपण जिथे राहतो त्या जागेची जबाबदारी टाळतो, हा त्याचा मुख्य मुद्दा. अंगणातल्या झाडालाही तोच मान द्या, असं तो म्हणतो. पण मराठी वाचकाने एक गोष्ट विसरू नये. क्रोननच्या सहा वर्षं आधी, १९८९ मध्ये, रामचंद्र गुहांनी अमेरिकन विल्डरनेसच्या कल्पनेवर तिसऱ्या जगातून टीका लिहिली होती. माणसांनी भरलेल्या देशात ही कल्पना जशीच्या तशी आणली तर गरिबांची जमीन श्रीमंतांच्या करमणुकीसाठी जाते, असं त्यांनी वाघांच्या अभयारण्यांचं उदाहरण देऊन दाखवलं. मला गुहांचा निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण क्रोननचा भर कल्पनेवर आहे आणि गुहांचा हिशेबावर: जमीन कुणाकडून गेली, कुणाकडे आली.

आणि आपल्याकडे मारुती चितमपल्ली होते. ते स्वतः वनाधिकारी, म्हणजे नोकरीने या टीकेच्या दुसऱ्या बाजूला. तरी त्यांच्या लेखनातलं रान कधी रिकामं नसतं. पक्ष्याला गोंडी नाव असतं, वाटेला वाटाड्या असतो. त्यांनी ज्या नवेगावबांधवर प्रेमाने लिहिलं तो तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळीने बांधल्याचं सांगतात. जंगलातलं तळं म्हटल्यावर ते कोणी बांधलं हा प्रश्न आपल्याला सहज पडतो. अॅबीला पडत नाही. आईला पडला तो वाचनामुळे नाही, सवयीमुळे.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. जेफ्री पाइनच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. तो वास आणि प्यूमिसची धूळ, दोन्ही तंबूत. खोड धरून मी ब्रूडर वाचायला घेतली. 'नोमॅडलँड' (२०१७) हे रिपोर्ताज आहे. २००८ च्या मंदीनंतर घर परवडेना म्हणून व्हॅन आणि ट्रेलरमध्ये राहू लागलेले साठी-सत्तरीतले अमेरिकन लोक. त्यातल्या लिंडा मेला आपण कॅम्पग्राउंडवर संडास साफ करताना भेटतो, गोदामात पायपीट करताना भेटतो. तिचं स्वप्न स्वतःचं टाकाऊ वस्तूंचं घर बांधण्याचं. या लोकांसाठी १४ दिवसांचा नियम म्हणजे कॅलेंडर आहे. पंधराव्या दिवशी कुठे, हा प्रश्न त्यांना वर्षभर असतो.

या पुस्तकाने माझ्या डोक्यात एक स्विच टाकला. अॅबीच्या लेखी सार्वजनिक जमीन म्हणजे शहरातून पळायची जागा. ब्रूडरच्या माणसांसाठी ती घरभाड्याचा पर्याय आहे. एकच खड्डा, एकच कॅन, एकच कच्चा रस्ता. एकाचं ते साहस, दुसऱ्याची ती गरज, आणि फरक ठरतो परत जायला पत्ता आहे का यावर. क्लोई झाओच्या सिनेमाने २०२१ मध्ये ऑस्कर मिळवलं, फ्रान्सेस मॅकडॉरमंड त्यात अप्रतिम आहे, पण सिनेमा इथे कच खातो. संध्याकाळचा प्रकाश इतका सुंदर आहे की गोदामातली पायदुखी त्यात विरघळते. पुस्तकात ती विरघळत नाही.

ब्रूडरबद्दल तक्रार एकच. हे लोक जवळजवळ सगळे गोरे का, हे तिने विचारलंय आणि उत्तरही दिलंय: रस्त्याकडेला गाडीत झोपलेल्या काळ्या माणसाकडे पोलीस कसे बघतील याची भीती. पण ते ती थोडक्यात आटोपते. मला तिथे आणखी वीस पानं हवी होती. कारण त्याच संध्याकाळी हिरव्या पट्ट्याचा सरकारी पिकअप माझ्या तंबूजवळ थांबला आणि माझा हात आधी ग्लोव्ह बॉक्समधल्या पासपोर्टकडे गेला. रेंजर बाईने फक्त कॅम्पफायर परवाना पाहिला, अस्वलाचा डबा आहे ना विचारलं, "एन्जॉय" म्हणाली आणि गेली. दोन मिनिटं. ती अतिशय सभ्य होती. तरीही नंतर मला चहा करता आला नाही, काडी धरवेना. मी कुठलाही नियम मोडला नव्हता. फक्त त्या दोन मिनिटांत माझे ६० दिवस मला एकदम सगळे दिसले.

म्हणून माझं मत असं. अॅबी वाचा, त्याचं गद्य तेवढं चांगलं आहे, पण गाडीत बसून वाचताना गाडी विसरू नका. क्रोनन वाचा, पण गुहांनंतर. आणि एकच वाचायचं असेल तर ब्रूडर. ती एकटीच सांगते की फुकट जागेत कोण झोपतं आणि का.

ही जागा वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोट्यवधी एकर जमिनीवर कोणीही, पैसे न देता, कोणाला न विचारता झोपू शकतं, ही मोठी गोष्ट आहे. पवनेच्या काठावर तंबूत झोपायला माणशी किती मोजावे लागतात ते बघा. मला ती चार रात्रींची झोप लागली नसती तर पुढचा इंटरव्ह्यू झाला नसता. सत्तेचाळिसाव्या दिवशी नोकरी मिळाली.

परत येताना तेनायाकाठी पुन्हा थांबलो. आईला फोटो पाठवला आणि खाली फक्त 'पायवियाक' लिहिलं. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: "हे तिथल्या माणसांचं नाव का?"

मी हो लिहिलं. मग तिने विचारलं, "आणि ती कुठे आहेत आता?"

नेटवर्क होतं. गाडी बाजूला घेऊन मी फोन लावला.