एक सतरंजी, दोन बैठका

दिवाळी अंकासाठी एखाद्या पुस्तकाचे परीक्षण द्या, असे संपादकांनी कळविले तेव्हा माझ्या मेजावर पुस्तक नव्हते. दोन हजेरीपट होते. एक राममंदिराच्या ओवरीत दर शनिवारी भरणाऱ्या वाचक मंडळाचा, दुसरा शाळेच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमणाऱ्या लिहित्या मंडळींचा. पहिल्यात १९ नावे, दुसऱ्यात १६, आणि त्यांतली ११ दोन्हीकडे तीच. ही दोन मंडळे एक करावीत की नाही, याविषयी मी लेखी मत द्यावे असे ठरले होते. त्या अकरांत मीही आहे, शिवाय टीकाकार म्हणवतो. तेव्हा कुणाचे तरी मन दुखविणे हे माझे कामच, अशी आमच्या गावात समजूत आहे. वाचकांची हरकत नसेल तर यंदा या हजेरीपटांचेच परीक्षण करतो.

एकीकरणाचा पक्ष लंगडा नाही. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ओवरीत आम्ही चौघेच होतो, आणि त्यांतले एक पुजारी. वर्गणी मागायला तेच दोघे फिरतात, चहाची किटली तेच दोघे आणतात. वाचक मंडळाचे चिटणीस अप्पा मला म्हणाले, “अहो मास्तर, तीच माणसं, तोच चहा, आणि सतरंजी तर दोघांत एकच. ती दोनदा कशाला अंथरायची?” अप्पांची पाठ हल्ली दुखते. सतरंजी त्यांनाच उचलावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नातली कळकळ समजते.

पण प्रयोग झालेला आहे, आणि टीकाकाराला प्रयोगाचा मजकूर वाचता येतो. पूर्वी दोन्ही मंडळे आपापला हस्तलिखित दिवाळी अंक काढीत. मागील वर्षी दोघांनी मिळून एकच काढला. मी जुने दोन आणि हा नवा असे तिन्ही शेजारी ठेवून वाचले. ओवरीच्या अंकात भांडणे असत. एकाच कादंबरीवर तिघांनी लिहिलेले, आणि तिघांचेही एकमेकांशी वाकडे. रविवारच्या अंकात कच्च्या कथा, यमकासाठी ओढाताण केलेल्या कविता. पण मध्येच काकूंचे दोन पानी टिपण येई. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे फडात शिरतात तेव्हा कोयत्यांचा आवाज कसा येतो, बैल कसे उभे असतात, इतकेच त्यात असायचे. शुद्धलेखन बेताचे, पण बैलांच्या तोंडची वाफ दिसायची.

नव्या अंकाचे अक्षर सुंदर आहे, बांधणी सुबक आहे, आणि आत काही घडत नाही. लेखक शेजारीच बसलेला, म्हणून वाचकांनी टीका आवरती घेतली. टीकाकार शेजारी बसलेला, म्हणून लेखकांनी जपून लिहिले. माझा लेखही त्यातच आहे आणि तो सर्वांत मचूळ आहे. शनिवारी मी तिखट बोलतो, रविवारी धीर देतो. इथे दोन्ही एकदम करू गेलो आणि ‘एका अर्थी’, ‘काही अंशी’ अशा कुबड्यांवर चार पाने चाललो. काकूंनी अनारशांची कृती दिली आहे. कृती बिनचूक आहे, घरी करून पाहिली, पण फडाचे काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “मास्तर, तिथं सगळी पुस्तकं वाचलेली माणसं. माझं वाचून झालं की कोण काय चूक काढील, याचीच धाकधूक. अनारशात कोण चूक काढणार?”

काकूंचे नाव फक्त रविवारच्या पटावर आहे. अकरा नावे सारखी आहेत हे सगळ्यांनी मोजले. सारखी नसलेली कोणाची, हे कोणी पाहिले नव्हते.

हा प्रश्न आपल्या वाङ्मयात नवा नाही. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची. भाषा एक, लेखक पुष्कळसे तेच. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा या चौघींची एकच संस्था करून टाकणे किती सरळ दिसले असते! तसे झाले नाही. १९६१ मध्ये साहित्य महामंडळ निघाले, पण चौघी आपापल्या घरी राहिल्या. महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी एकीकडून दुसरीकडे जाते. म्हणजे सतरंजी एक, पण अंथरणारा पाळीने बदलतो. १९६५ पासून संमेलन महामंडळ भरविते. शुद्धलेखनाचे नियमही त्याने केले, आणि १९६२ मध्ये सरकारने ते स्वीकारल्यावर ‘केलें’, ‘नाहीं’ यांच्या डोक्यावरचे अनुस्वार घरोघर उतरले. नियम एकच हवे होते. चौघींनी चार केले असते तर मुलांचे हाल झाले असते. पण ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, ‘युगवाणी’ आणि ‘प्रतिष्ठान’ ही नियतकालिके वेगळी राहिली, आणि ते मला योग्य वाटते. नागपूरच्या नवख्या लेखकाने पुण्याच्या दारात ताटकळावे, ही कल्पना फक्त पुण्यालाच रम्य वाटेल. महामंडळातही रुसवेफुगवे झाले आहेत, हे कबूल. चार घरे म्हटली की ते आलेच.

याहून जुना एक नकार आहे. १८७८ मध्ये लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुले यांना पाठविले. फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले. जे सर्व माणसांचे हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. निमंत्रण सद्भावनेचे होते, याबद्दल मला शंका नाही. काकूंच्या अनारशांची त्या पत्राशी तुलना करणे धार्ष्ट्याचे होईल. तिथे प्रश्न माणुसकीचा होता, इथे एका वहीचा आहे. तरी ते पत्र वाचल्यापासून ‘सगळे एकत्र येऊ या’ हे वाक्य ऐकले की मी आधी विचारतो, कोणाच्या ओवरीत?

मत लिहून दिले. मंडळे दोन राहावीत. वर्गणीची पावती, पुस्तकांचे कपाट आणि सतरंजी एक असावी. वर्षातून एकदा, कोजागरीला, सर्वांनी एकत्र दूध प्यावे आणि त्या रात्री कोणीही कोणावर टीका करू नये. हस्तलिखिते पुन्हा दोन. माणसे आणखी कमी झाली तर हे मत टिकणार नाही, हेही खाली लिहिले. चौघांच्या दोन बैठका होत नाहीत.

अप्पा पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हते. मग सतरंजी उचलायला मी जाऊ लागलो, तेव्हा बोलू लागले. परवाच्या रविवारी काकूंनी वही आणली होती. वाचली नाही, मांडीवर ठेवून बसल्या होत्या. निघताना एवढेच म्हणाल्या, “पुढच्या वेळी बघू. यंदा टोळ्या अजून आल्या नाहीत.”