'ब्रह्मचारी' : एका शब्दाचा विनोद

'ब्रह्मचारी' हा शब्द मूळचा वेदाध्ययनाचा. ब्रह्म म्हणजे वेद. त्याच्या अध्ययनासाठी गुरुगृही नियमाने राहणारा तो ब्रह्मचारी. पुढे त्या नियमांपैकी स्त्रीसंगत्यागाचा एकच नियम अर्थाच्या केंद्रस्थानी आला, आणि व्यवहारातील मराठीत तर अध्ययन, गुरू व व्रत ही तिन्ही गळून नुसता सडाफटिंग पुरुष तेवढा उरला. १९३८ साली हंस पिक्चर्सने काढलेल्या, मास्टर विनायक दिग्दर्शित व आचार्य अत्रे लिखित 'ब्रह्मचारी' या बोलपटाचा विनोद या अर्थापकर्षावर उभा आहे. नायक शब्दाची वरची पायरी गाठू पाहतो. प्रेक्षक त्याला खालच्या पायरीवरून न्याहाळत असतो.

याच जोडीचे आधीचे बोलपट 'धर्मवीर' व 'प्रेमवीर' हे दोन्ही १९३७ चे. तिन्ही शीर्षके गौरवाची, आणि तिन्हींतील गौरव संशयास्पद. ज्या समाजाला सार्वजनिक सभांनी पदव्या बहाल करण्याची सवय लावली होती, त्या समाजाची थट्टा करावयास पदवीच हाती घ्यावी, हे अत्र्यांनी अचूक ओळखले. (स्वतः अत्र्यांच्या नावाला 'आचार्य' हे उपपद कायमचे चिकटले, हा भाग निराळा.)

औदुंबर हा सामान्य तरुण ब्रह्मचर्य व राष्ट्रकार्य यांवरील एक व्याख्यान ऐकतो, खोलीतील नट्यांची चित्रे काढून टाकतो, व्यायामाला लागतो आणि आश्रमात दाखल होतो. तेथे किशोरी येते व व्रत डळमळू लागते. व्रत कानावाटे शिरते व डोळ्यांवाटे निसटते, अशी ही रचना आहे. नायकाचे नावही हेतुपूर्वक योजलेले दिसते: औदुंबर हा दत्ताचा वृक्ष, विरक्तीची छाया देणारा. किशोरी हे नाव मात्र नुसत्या वयाचे. मीनाक्षीचे पोहण्याच्या पोशाखातील दृश्य त्या काळी फार गाजले. तथापि किशोरीचे चातुर्य एवढे सिद्ध झाल्यावर कॅमेऱ्याने तिच्या देहावर इतके विसंबावे, ही कृतीची उणीवच म्हटली पाहिजे.

व्यासपीठाची संस्कृतप्रचुर वाणी आणि घरगुती बोली यांचा संघर्ष मराठीत मुख्यतः शब्दसंग्रहातून दाखवावा लागतो. मराठीच्याच आर्यभाषाकुळातील सिंहलीत हे अंतर व्याकरणापर्यंत पोचले आहे: ग्रंथभाषेत क्रियापद कर्त्याच्या पुरुष-वचनाप्रमाणे बदलते, बोलीत बदलत नाही. तेथील प्रणयविनोदी बोलपटात नायकाने ग्रंथभाषेत प्रेम व्यक्त करावयाचे ठरविल्यास केवळ क्रियापदाने हशा पिकेल. मराठी लेखकाला ही सोय नाही; म्हणून तत्सम शब्दाच्या वजनावरच त्याची भिस्त.

परंतु हे वजन सर्वत्र सारखेच पोकळ होते काय? जालना, जिंतूर व सेलू यांच्या वाटा जेथे फुटतात तो परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याचा मुलूख १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्याच वर्षी तेथील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्'साठी शिक्षा पत्करली, ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्या चळवळीत अग्रभागी असलेले स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते. या मुलुखात राष्ट्रासाठी घेतलेले व्रत म्हणजे व्याख्यान ऐकून चढलेला ज्वर नव्हता. त्याची किंमत तुरुंगात मोजली जात होती. कोल्हापूरच्या स्टुडिओत हास्यास्पद ठरलेला शब्द येथे अजून वरच्याच पायरीवर होता.

यावरून बोलपट खोटा ठरत नाही. त्याचा रोख व्रतावर नसून उसन्या व्रतावर आहे, असा बचाव करता येईल. औदुंबराचे व्रत परक्याच्या वक्तृत्वातून आलेले आहे, हे कथानकातच दाखविले आहे. मात्र खऱ्या व्रताचा एकही माणूस समोर उभा न केल्याने हा भेद प्रेक्षकावर सोपविला गेला, आणि हशाच्या भरात तो प्रेक्षकाने केला असेल असे मानणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट शब्दाच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोगी आहे. अविवाहित स्त्रीला मराठी कुमारिका म्हणते, ब्रह्मचारिणी म्हणत नाही. त्या स्त्रीलिंगी रूपाला थट्टेचा अर्थ चिकटलेलाच नाही. किशोरी व्रताची थट्टा करू शकते ती त्यामुळे. तिच्याजवळ मोडावयास तसा शब्दच नाही.